दोन-सहा

माझे हात आठ हजार लोकांना माहीत आहेत.
चेहरा नाही.

पारोळ्यात, किल्ल्याच्या खंदकाकडच्या गल्लीत
आमचं मन्यारीचं दुकान, सव्वापाच फूट रुंद.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की
मोबाईल खोक्यांच्या चळतीला टेकवते,
मनगटापुरती समोर येते:
हिरवा चुडा, दोन-चार, दोन-सहा,
काच जाड, पोस्टानं मिळेल.
खाली लिहितात, हात असे तर चेहरा कसा?
कुणी ताई म्हणून, कुणी बदाम टाकून.

गुरुवारी सकीना आपांच्या ओट्यावर तालीम.
त्यांनी सूरह नूर काढली.
शृंगार झाका, म्हणाल्या,
पाय आपटत चालू नका,
लपवलेला दागिना वाजून कळतो.
माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.
बाकी सगळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन रीलचा आवाज बंद केला.
तीन दिवस एक ऑर्डर नाही.
वाजल्याशिवाय काच कुणाला काच वाटत नाही.

अम्मी कानबाईच्या आधी खेडोपाडी चुडे भरायची.
‘हात ढिला सोड वं माय.’
एका घरच्या मनगटावरचा निळा डाग
तिनं दुसऱ्या घरी कधी नेला नाही.
परदा म्हणजे काय विचारलं असतं
तर हे नसतं सांगितलं तिनं.
म्हणाली असती, डोक्यावर ओढणी घे आधी.

मग मीच तर्जुमा उघडला, बोट ठेवून वाचला.
आमच्या आयतीच्या अगोदर पुरुषांची आयत आहे:
नजरा खाली ठेवा.
गुरुवारी ती आली नव्हती.
गुरुवारी तिथं पुरुष नसतात.
भाऊ तौसीफ म्हणतो, बंद कर हे, लोक बघतात.
म्हणताना त्याचा अंगठा
काचेवर वर-वर सरकतच असतो.

आणि मी?
आठ हजारांचा आकडा रात्री अंथरुणात बघते,
दोनदा.
ते बांगड्यांसाठी नसतं.
काल मेंदी लावली ती चुड्याला शोभावी म्हणून,
असं आपांना सांगता येईल.
अल्लाहला काय सांगू,
त्यानं तर कोन हातात घेतानाच पाहिलंय.

फजरच्या वुजूला बांगड्या कोपराकडे सरकवते,
खालची कातडी कोरडी राहू नये म्हणून.
अंधारात नळाखाली त्या वाजतात.
ते कुणी मोजत नाही.

उजाडलं की शटर उघडायचं.
दोन-सहा संपत आल्यात.