पदरमोड

थर्मल कागदावरची अक्षरं उन्हात उडतात
हे लुर्देसला जुलैत कळलं.
डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेट्रोलच्या पावत्या
स्टॉकटनच्या उन्हानं आठवड्याभरात फटफटीत करून टाकल्या,
आणि ऑफिस म्हणालं,
रक्कम वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.

काय पुन्हा पाठवू?
सोमवारचे एकेचाळीस मैल?
लोडायच्या द्राक्षमळ्यांमागून मॅन्टिका,
तिथली पाठ पुसून, चादर बदलून, परत इकडे कालव्याकाठी,
मधल्या रस्त्याला कुणी कामाचे तास म्हणत नाही.
डायपरचं पाकीट, रात्री साडेनऊला,
कारण ऑफिसचं कपाट सहालाच कुलूप लावून घरी जातं.
ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याच्या दोन बॅटऱ्या.
आणि हा फोन, माझा,
ज्यावर कंपनीचं ॲप दर सहा मिनिटांनी विचारतं, कुठे आहेस?
तेवढं मात्र वेळेवर येतं.

कालव्याकाठचा म्हातारा, ऑर्विल स्टेन्सलँड,
टोमॅटोच्या कॅनरीत चाळीस वर्षं खतावणी लिहिलेला.
डोळे गेले, बोटं अजून मांडीवर बेरजा करतात.
ती त्याची नखं कापत असताना म्हणाला, वाच.
तिनं वाचलं. मार्चपासून.
अठरा चाळीस. सहा नव्वद. सदतीस पाच.
हातचा धरत गेला तो, ओठ न हलवता.

हे हातउसने आहेत का? त्यानं विचारलं.
असेच म्हणायचे, ती म्हणाली, देतील कधीतरी.
पोरी, हातउसने मागून घेतात.
तुझ्याकडे कुणी मागितले होते?

नखं कापायची थांबली ती.
तिच्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत,
मनिलाला भावाच्या फीचे पैसे दोनदा उशिरा गेलेत,
आणि इतके महिने ती बिनव्याजी सावकारी करत होती
एका चार मजली इमारतीशी.

लिही, तो म्हणाला. कृपया एकदाच.
वर तारीख घाल.
तारीख नसली की मागणं नुसतं गाऱ्हाणं होतं.

कायदा तिनं रोज पाहिला होता.
चहाच्या खोलीत, मायक्रोवेव्हच्या मागे,
सूपचे शिंतोडे उडालेला तक्ता:
मालकाच्या कामासाठी झालेला खर्च मालकाचा.
मायक्रोवेव्ह वीतभर पुढे ओढला की सगळं वाचता येत होतं.

चेक ऑक्टोबरात आला.
सहाशे अकरा डॉलर, खाली वेगळ्या ओळीत व्याज,
एकोणीस डॉलर आठ सेंट.
हा आकडा त्याला सांगायचा होता.
कालव्याकाठच्या घरात आता त्याची पुतणी
खोक्यांवर चिकटपट्टी लावत होती.

पिशवीत एकच पावती उरली आहे,
पीचेसची, तीन डॉलर वीस सेंट.
ही कंपनीच्या माथी मारू नकोस, तो म्हणाला होता,
पीच मी खाल्ले. माझ्या नावे लिही.
तिनं लिहिलंय, मागच्या पानावर: येणे.

सिग्नलला थांबल्यावर ती डॅशबोर्डकडे बघते,
पावती उचलते
आणि उन्हाच्या पट्टीतून काढून
सीटखाली, सावलीत ठेवते.