फावड्याची नोंद

माझ्या कोपराशी, खिडकीच्या आतल्या अंगाला
एक यादी डकवलेली आहे.
कडा पिवळ्या, मधोमध कॉफीच्या पेल्याचं वर्तुळ.
परदेशी माणसानं परवान्याशिवाय
आमच्या देशात कोणकोणती कामं केली तर चालतील,
ती कामं.
बावीस वर्षं झाली. पावकी-निमकीसारखी तोंडपाठ आहे,
आणि तितकीच निरुपयोगी.

वेल्सहून मेंढ्यांचा परीक्षक आला.
जत्रेत मेंढीच्या पाठीवरून हात फिरवायचा
आणि पहिली कोण, दुसरी कोण ते सांगायचं.
चालेल.
त्याच हातांनी मेंढी भादरली, तर नाही चालणार.
तो म्हणाला, बाई, घरीसुद्धा बायकोच भादरते.

जळालेल्या कोठाराबद्दल कोर्टात बोलणारा तज्ज्ञ:
बोला.
नायजेरियाचा पाद्री, पातळ कोटात कुडकुडत:
लग्नं लावा, बारसं करा, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणा.
बर्फावर गिरक्या घेणारी ती दोन पोरं:
घ्या. मात्र हॉटेलात बशा विसळू नका.
मनिलाची एक मावशी, पिशवीत लोकरीचे इवले मोजे.
मूल सांभाळणार? पगार किती?
ती माझ्याकडे अशी बघत राहिली
की मीच खाली मान घालून लिहिलं: भेट.

मग फेब्रुवारी. उणे एकतीस.
सबंध सकाळभर एकच गाडी.
हाल्वोर ट्वेट, वय एक्क्याऐंशी, नॉर्थ डाकोटा.
कशासाठी येताय?
"भावाला पुरायला."
तुम्ही पाद्री आहात?
"नाही. पाद्री शनिवारी येणार."
मागे ताडपत्रीखाली पहार, फावडं
आणि कोळशाची दोन पोती.

जमीन पाच फूट गोठलीय, त्यानं मला समजावलं,
जणू मी इथली नाहीच.
आधी रात्रभर विस्तव ठेवायचा, वर पत्रा झाकायचा,
मऊ झालं तेवढं खणायचं,
पुन्हा विस्तव.
"आईच्या वेळी सिगुर्डनं केलं. मला हात लावू दिला नाही."

यादीत प्रार्थना आहे. खड्डा नाही.
गावात टेरेन्स यंत्रानं खणतो, चारशे डॉलर घेतो,
म्हणजे हे काम झालं, आणि इथल्या माणसाचं काम.
मी तसं म्हटलं. म्हणावंच लागतं.
"त्याचे चारशे देऊन टाकलेत," म्हातारा म्हणाला,
"येऊ नकोस म्हणून."

बावीस वर्षांत कुणी
काम न करण्याची मजुरी भरून आलं नव्हतं.
मी वरिष्ठांना फोन लावला. वाजत राहिला.
ठेवला.
(खरं सांगायचं तर दोनदाच वाजू दिला.)
लिहिलं: फावडं एक, जुनं. पहार एक.
कोळसा, स्वतःच्या वापरासाठी.
येण्याचं कारण: भावाची भेट.

त्या रात्री पाळी संपवून निघाले तेव्हा
उत्तरेला, चर्चच्या अंगाला,
जमिनीलगत एक लाल फट दिसत होती.
माझा बाबा ग्रामीण रुग्णालयातून परस्पर गेला.
यंत्रानं खणलं. मी रजा मागितली नव्हती.
हे मला गाडी सुरू करताना आठवलं,
आणि गाडी लवकर सुरू होईना.

सोमवारी तो परतीच्या वाटेवर थांबला.
थांबायची गरज नव्हती, जाणाऱ्याला आम्ही विचारत नाही.
हाताच्या तळव्यांना कापडाच्या पट्ट्या.
गाडीत पहार होती, फावडं नव्हतं.
मी त्याबद्दल काही बोलले नाही.
त्यानंच खिडकीशी वाकून विचारलं,

"सिगुर्डचा मुलगा तुमच्या बाजूला राहतो.
माझी पाळी येईल तेव्हा
त्याला आमच्याकडे परवाना लागेल का?"

मी सवयीनं कोपराशी पाहिलं.
त्यांची यादी वेगळी असते, म्हटलं.
मला ती पाठ नाही.