एकशे ऐंशी व्होल्ट

लाकडाची भानगड मी मानत नाही.
महोगनी म्हणा, मेपल म्हणा,
माझी गिटार ग्रामपंचायतीच्या मोडक्या बाकाची आहे
आणि तिच्या सुराला अजून कोणी जात विचारली नाही.

गिटारीत बोलतं ते तांबं.
तांब्यातलं मला कळतं.
दारव्हा रोडला मोटार रिवायंडिंगचं दुकान,
दोन खण, एक ओव्हन, वार्निशचा वास.
पिकअपची तार केसाहून बारीक,
आठ हजार वेढे, हातानं.
मशीनचे वेढे शाळेतल्या प्रार्थनेसारखे, रांगेत.
हाताचे वेढे बाजारातून परतणाऱ्या माणसांसारखे,
कोणी पुढं गेलेलं, कोणी टपरीवर रेंगाळलेलं.
आवाजाला तेवढी ढिलाई लागते.

सिंगल कॉइल गुणगुणते, मान्य.
दुहेरी कॉइल लावली की गुणगुण मरते.
पण ज्या घरातून कधीच भांडण ऐकू येत नाही
तिथं मी चहाला थांबत नाही.

साळा पुण्याला असतो, श्रेयस ढेंगळे.
दिवाळीला आला की अंगणात पेडलं मांडतो,
रांगोळीपेक्षा नीट.
एक पेडल आहे जुनी टेप बिघडल्याचा आवाज काढायला,
किंमत अकरा हजार.
म्हटलं, बावा, माह्याकडं बिघडलेली टेपच हाय,
घेऊन जाय.

अँप माझा शंकरपटाच्या मंडळाचा,
दोन वाल्वचा, पत्र्याच्या पेटीतला.
बैलजोड्यांची नावं पुकारून पुकारून
त्याचा घसा आधीच तयार झालेला.
वाल्व तापायला दीड मिनिट घेतो.
तेवढ्यात मी तारा सुरात लावतो.
मे महिन्यात गिटारीची मान वाकते,
तेव्हा वाजवत नाही. तिलाही उन्हाळा असतो.

आता खरं सांगतो.
तो आवाज ना तांब्याचा होता, ना वाल्वचा.
दुकान शेतीच्या लाइनवर.
हरभऱ्याच्या दिवसांत रात्री बाराला लाइट यायची
आणि एका डीपीवर एकतीस मोटारी.
दाब घसरायचा, दोनशे, एकशे नव्वद,
एकशे ऐंशीला अँप ओला व्हायचा.
सूर सुरुवातीला जरा बसायचा, मग उठायचा,
जसं जड पोतं उचलताना माणूस आधी गुडघ्यात वाकतो.
त्या वाकण्यासाठी लोक परदेशात पैसे मोजतात.
मला ते फुकट मिळत होतं.

फुकट कसलं.
मधेच सूर खचला की कळायचं,
कुळसंगेची पाच एचपी सुरू झाली.
फारच गोड वाजलं की समजायचं,
सकाळी कोणी तरी जळकी मोटार
सायकलच्या कॅरिअरला बांधून येणार.
यायचाच. वाघाडे आला, दोनदा.
मी त्याच्यासमोर स्टेटर उघडायचो,
काळं पडलेलं तांबं ओढून काढायचो,
रात्री काय वाजवलं, ते सांगायचो नाही.

मग सोलर पंप आले.
शेताशेतात निळ्या पाट्या.
आता लोक दिवसा पाणी देतात, रात्री झोपतात,
सापाच्या भीतीनं बॅटरी फिरवत बसत नाहीत.
चांगलं झालं. चारदा विचारलं तरी हेच सांगीन.
डीपी मोकळी. मीटरवर दोनशे पस्तीस,
काटा हलत नाही.
आणि अँपचा आवाज
स्टीलच्या नव्या ताटासारखा.

गिऱ्हाईक कमी, वेळ भरपूर.
भंगारातल्या पत्त्यांवर तार गुंडाळून
डिमर बनवला, वर फिरवायचं बटण.
एकशे ऐंशीवर ठेवला. वाजवलं.
जवळपास तेच होतं.
पण एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशीच,
खचत नव्हतं, उसळत नव्हतं,
त्यात कोणी जागं नव्हतं.

उज्ज्वला वाती वळत बसली होती.
म्हटलं, जरा बटण धर,
मधे मधे खाली घे, तुला वाटेल तसं.
तिनं हात पुसले, स्टूल ओढला,
दोन ओळी ऐकल्या
आणि बटण अलगद डावीकडं फिरवत म्हणाली,
"हे घ्या, कुळसंगेची."
सूर गुडघ्यात वाकला.
"आता वाघाडेची. थांबा, त्याची लवकर नाई लागत."