डबल बेल

पट्टा आता शेवटच्या भोकावर.
तिकीट मशीन पूर्वी कमरेशी रुळायचं,
हल्ली पोटावर येऊन बसतं.

सातवा सरला, काल.
सिस्टरने टेप लावून कार्डावर अठ्ठावीस लिहिलं,
रक्ताच्या रकान्यात नऊ पॉइंट दोन,
त्याखाली दोन रेघा.
म्हणाली, गूळ-शेंगदाणे खा, आणि आता बस सोड.
मी म्हटलं, बस निंबाभाऊ सोडतात,
मी नुसती बेल देते.
ती हसली नाही.

चोपडा–शिरपूर, सकाळची सव्वासातची.
माघ सरत आला तरी काचांच्या फटीतून वारं बोचतं.
दोन्ही अंगांना केळीचे मळे,
घड धरलेल्या झाडांना बांबूचे टेकू.
सहा वर्षं रोज बघतेय.
आज पहिल्यांदा बांबूकडे बघितलं,
झाडाकडे नाही.

'कितवा महिना व माय?'
मागून दगुमाय.
'आठवा लागला.'
ती बोटांवर काहीतरी मोजते, गप्प होते,
मग गप्प राहवत नाही म्हणून,
'सातवानं जगस व, आठवानं नही.'
अख्खी गाडी तिच्यावर तुटून पडते:
लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेले जिभाऊ,
कॉलेजच्या दोन पोरी,
आणि भरताच्या वांग्यांची पाटी घेतलेली ती बाई,
जिने मागच्या आठवड्यात
सुट्ट्या दोन रुपयांवरून माझी आई काढली होती.
'चूप बठ व म्हतारी!'
दगुमाय कानाला हात लावते.
पदराची गाठ सोडून तिकिटाचे पैसे देते,
सोबत गुळाचा एक खडा.
खडा चिकट, नाणी चिकट.
वेबिलात तो कुठे धरू?

वेळोद्याला गाडी फुल्ल.
'पुढे सरका, पुढे सरका' ओरडून घसा बसायचा माझा.
आता बघूनच सरकतात लोक.
रस्ता असा आपोआप होतो तेव्हा
थोडी लाज वाटते. थोडी ऐटही.

अनेरच्या पुलाआधी तो खड्डा.
चार वर्षं निंबाभाऊंनी तो शिव्या देत घेतला.
हल्ली दुसऱ्या गिअरवर,
मांडीवर तुपाची बरणी असल्यागत उतरवतात,
आणि आरशातून माझ्याकडे बघायचं टाळतात.

पुलावर उसाची ट्रॉली आडवी. गाडी उभी.
'वाहकासाठी राखीव' ती सीट
आज पहिल्यांदा मागून घेतली.
टेकले मात्र,
आतून एक टोला.

एक म्हणजे थांबा.
इथे थांबा नाही रे बाबा,
गलंगी यायची आहे अजून.

मग दोन, लागोपाठ.

तिकीट नाही फाडणार तुझं,
पाच वर्षांखाली मोफत, नियमच आहे.
पण कुठे उतरायचं ते तरी सांग.
चोपडा ते शिरपूर मी डोळे मिटून सांगते
कुठे वळण, कुठे फाटा, कुठे कुत्रं आडवं येतं.
पुढच्या बारा आठवड्यांचा
फलक माझ्याकडे नाही.

उद्यापासून चौकशीची खिडकी.
महाजन साहेबांनी कागद दिला. त्यात लिहिलंय: हलकं काम.
कर्ण्यातून सांगायचं,
कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली,
आणि कुठली गेली.

रात्री सुरतेहून भटूचा फोन.
मागे लूमचा खडखडाट. तो ओरडून विचारतो,
'झोपलं का?'
दिवसभर झोपतं हे, सांगते मी.
गाडी हलते तोवर गाढ.
मी डाव्या कुशीला स्थिर झाले
की याची सकाळ.
उद्या तर खुर्ची. चार पाय, सिमेंटची फरशी,
जराही हलायची नाही.
मग याला निजवायचं कसं?
तो काहीतरी म्हणतो, ऐकू येत नाही.

फोन ठेवून खाटेवर उठून बसते.
दिवा लावत नाही.
हळूहळू मागेपुढे होते,
खड्डे मला पाठ आहेत:
वेळोदे,
मग फाटा,
मग जरा सांभाळून,
पूल.