कोन गेलं?

मी मूळचा लग्नांचा माणूस.
उमरेड, भिवापूर, समुद्रपूर,
अक्षता पडताना ज्याचा कॅमेरा हलला नाही
तो मी.
आवाजाच्या कामाला मला गभणे ताईंनी लावलं.
म्हणाल्या, पैसे कमी आहेत, चालणं फार आहे.
दोन्ही खरं निघालं.

गावाच्या उगवतीला जी जमीन आहे
तिचं कागदावरचं नाव झुडपी जंगल,
शेऱ्याच्या रकान्यात : पडीक.
अकरा वर्षं ताई त्या एका शब्दाशी भांडताहेत,
तहसीलच्या बाकावर डबा खात,
नकाशा घडीवर फाटला की चिकटपट्टी लावत.
शर्वाणी पुण्याहून आली आणि म्हणाली,
नकाशा नको, मला सकाळ द्या.

मग रोज सकाळ.
कुसळीवर दव असेतो उजेड तिच्या कामाचा,
नंतर नुसतं ऊन.
ताई म्हणायच्या, हेक्टर आले पाहिजेत फिल्ममध्ये.
आकड्याला चेहरा नसतो, ताई.
चेहरे साहेबांना रोज दिसतात, बाई.
मग दोघी गप्प.
माझ्या कानात हेडफोन,
मला त्यांचे रुसलेले श्वास वेगवेगळे ऐकू यायचे.

सायत्राबाई नेवारे गावची गुरं राखते.
तिला शर्वाणीनं चार वेळा विचारलं,
ही जमीन गेली तर?
चारही वेळा तिनं गवतं सांगितली.
पवन्या. मारवेल. तिखाडी.
हे गाभन गाईले. हे बैलाले.
हे नोको, यानं तोंड सोलते.
जमीन जाते, हे तिला कळत नव्हतं असं नाही.
पण तिच्या बोलण्यात जातात ती गुरं,
आणि सांजच्याले येतात.

शेवटच्या दिवशी मी म्हणालो,
आता एक मिनिट कोणी बोलू नका.
जागेचा नुसता आवाज घ्यावा लागतो,
दोन वाक्यांमधल्या फटीत भरायला.

पोरं, गुराखी, ग्रामपंचायतीचा शिपाई,
उगाच आलेला सरपंचाचा भाचा,
सगळे उठले.
टोप्या उतरल्या. माना खाली.
शाळेत शिकवतात तशा टाचा जुळवून.
सायत्राबाईनं काठी भुईवर ठेवली
आणि हळूच विचारलं,
"कोन गेलं बाप्पा?"

कोणीच सांगितलं नाही.
सत्तावीस सेकंद झाले होते, मी थांबवलं नाही.

बोरीच्या जाळीत काहीतरी खसफसलं.
तित्तिर. मग पलीकडून दुसरा तित्तिर.
घंटी, एकाच गाईची,
चालतानाची नाही, रवंथ करतानाची.
आणि सगळ्याच्या खाली, फार खाली,
खाणीकडच्या टिप्परनं बदललेला गिअर.
तो आधीच्या दिवसांतही असणार.
आम्ही बोलत होतो.

फिल्म बेचाळीस मिनिटांची झाली.
नकाशा आहे, चिकटपट्टीसकट.
पण सुरुवातीला शर्वाणीनं
ते मिनिट आख्खं ठेवलं, काळ्या पडद्यावर.
जिल्ह्याच्या सभागृहात दाखवली तेव्हा
अंधारात बाईचा प्रश्न आला
आणि पहिल्या रांगेतले दोन साहेब
उभे राहिले.
त्यांच्यामागे त्यांची रांग, मग सगळेच.
खुर्च्या वाजल्या, एकाचा मोबाईल वाजला, दाबला गेला.
ताईंनी माझा हात इतका घट्ट धरला
की घड्याळाचा वळ उठला.

परवा गावात गेलो. शेरा तोच आहे,
सुनावणी पुढच्या महिन्यात.
सायत्राबाईला सांगितलं,
तुझ्या एका वाक्यावर मोठे साहेब उभे झाले.
तिनं ऐकून घेतलं.
"मंग?" म्हणाली. "पुना बसले का?"

बसले, म्हणालो.

ती तिखाडीत शिरलेली गाय वळवायला गेली.