डावी बाजू

लॅपटॉप सात वर्षांचा,
हेडफोन त्याहून दोन दिवाळ्यांनी लहान.
काम असं, की पतसंस्थांच्या वार्षिक सभा ऐकायच्या
आणि इतिवृत्तं टाइप करायची,
मिनिटाला नऊ रुपये.
मंजूर, मंजूर, आणि मागे कपबशांचा आवाज.

पण महिनाभर सगळे सभासद
विहिरीच्या तळातून बोलत होते.
अध्यक्ष ताटाखाली झाकल्यासारखे.
आणि चार्जर लावला की शब्दांच्या खाली
एक बारीक गुंईंऽ,
आमच्या धनकवडीच्या चौकातला डीपी गुणगुणतो तशी.

आधी घरगुती उपाय.
काडीला कापूस गुंडाळून जॅकची खोबण पुसली.
निघाला करडा बोळा, त्यात एक तीळ.
संक्रांतीला पाच महिने झाले होते.
आवाज तसाच.

मग तापकीर गल्ली. जिन्याखालच्या टपरीत
तांबोळींनी लॅपटॉप मांडीवर घेतला
आणि सेटिंगमध्ये खोल खोल उतरत गेले.
"कुणीतरी तुमच्या आवाजाला हॉल लावलाय."
खरंच. एन्हान्समेंट नावाखाली
माझ्या सगळ्या सभा इतकी वर्षं
एका नसलेल्या नाट्यगृहात भरत होत्या.
एक टिक काढली.
नाट्यगृह पडलं, धूळसुद्धा उडाली नाही.

चार्जरची तिसरी पिन मीच कापली होती,
बोर्डात बसत नाही म्हणून.
"अर्थिंग नाही, तर बिचारी वीज जाणार कुठे?
तुमच्या कानात येऊन बसते."
नवी वायर, एकशे ऐंशी.
कानांच्या फाटक्या गाद्या बदलल्या, नव्वद.
"बास गळत होता, साहेब.
डबा उघडा ठेवला तर चिवडा सादळणारच."
बोटाएवढा एक डॅकही दाखवला, बाराशेचा.
मी म्हटलं, पुढच्या सभेनंतर.

घरी आलो, लावला,
आणि अध्यक्षांनी पान उलटलेलं ऐकू आलं.
खजिनदार आकडा सांगण्याआधी आवंढा गिळतात, ते ऐकू आलं.
मागच्या रांगेतून कुणी पुटपुटलं, "चोर आहेत सगळे,"
जो गेली तीन वर्षं माझ्या इतिवृत्तांत
(अस्पष्ट) होता.

फक्त डावीकडून सगळं जरा लांब.
इक्वलायझरच्या पट्ट्या चढवल्या, उतरवल्या.
बॅलन्स डावीकडे ओढला, आणखी ओढला.
तांबोळींना फोन: डावा स्पीकर गेलाय.
ते म्हणाले, "बॅलन्स मधोमध आणा आणि उलटा घाला.
स्पीकर गेला असेल तर उणीव उजवीकडे जाईल."

उलटा घातला.
अख्खी कार्यकारिणी जागा बदलून बसली.
उणीव नाही हलली.
डावीकडेच राहिली,
पागडी देऊन बसलेल्या भाडेकरूसारखी.

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग तांबोळी म्हणाले,
"गाद्यांचे नव्वद परत देऊ का?"

स्वयंपाकघरातून शुभदा काहीतरी सांगत होती.
ती कायम डावीकडून बोलते.
जेवायला तिची खुर्ची तिकडे, पलंगावर उशी तिकडे,
स्कूटरवर मागे बसली तरी डाव्या खांद्यावरून.
मी विचारतो, "काय?"
ती म्हणते, "काही नाही."
एकोणीस वर्षं.
या सभेचं इतिवृत्त कुणी ठेवलेलं नाही.

हेडफोन काढला.
ओट्यापाशी तिच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो,
उजवा कान तिच्याकडे करून.
"मघाशी काय म्हणालीस?"
तिनं कांदा चिरणं थांबवलं नाही.
"दुधाची पिशवी फाटकी आलीये म्हटलं.
आणि तू असा खेकड्यासारखा तिरका का उभा आहेस?"

सगळं ऐकू आलं.
फाटकीतल्या फ-ची हवासुद्धा.