वागा वागा

गावाचं नाव ऐकलं तवा मी आधी भेलीच.
वागा वागा.
म्हटलं, पोरी, इथला एक वाघ सोडून
दोन वाघांच्या गावाले कायले चालली?
प्रांजू हासली. म्हणे, आई, वाघ नाही तिथं,
कावळ्यांवरून नाव पडलं म्हणतेत.

आता तिथं नर्स हाय. म्हातारे सांभाळते,
दुसऱ्याचे.
कोणाचे पोरं रविवारी येतेत, कोणाचे येतच नाही.
एवढं ऐकलं का मी उठते,
बकऱ्यांले पाला टाकते.

फोन पहाटे येते. इथं साडेचार, तिथं नऊ.
माही चूल पेटाची रायते
अन् तिथल्या बातम्या होऊन गेलेल्या:
रातच्यानं कांगारू गाडीसमोर आला,
कोणाच्या न्हाणीत अजगर निघाला,
मत नाही देल्लं त दंड पडते,
देल्लं त शाळेच्या फाटकात पाव भेटते,
मटनाची नळी घातलेला, पैसे देऊन.
घरचा म्हणे, पैसे देऊन?
मंग ते कायची निवडणूक!

परवा म्हणे, पाखरू मागं लागलं.
काळंपांढरं, आपल्या दयाळासारखं, पण कावळ्याएवढं.
अंड्यांचे दिवस आले का नर पिसाटते,
सायकलवाल्याच्या टाळक्यावर मागून झडप घालते.
त लोकं डोक्याच्या मागं डोळे काढतेत.
हिनं आइस्क्रीमचा डबा उलटा बांधला टोपावर.
डोळे काढून देल्ले डॉट म्हातारीनं,
एक्क्याण्णव वर्षांची, हात कापते,
एक डोळा बशीएवढा, एक बटणाएवढा.
फोटो पाठवला. आम्ही बंदे हासलो.
सगुणा त ओट्यावर बसूनच गेली.

मंग मी खुंटीकडं पायलं.

मोह्याच्या दिवसांत जंगलखात्याची गाडी आली होती.
साहेबानं मुखवटे वाटले. म्हणे,
तोंडावर नाही, मागं बांधा.
वाघ मागून येते, डोळे दिसले त थबकते.
मुखवटा गोरा गोरा, मिशीवाला.
सगुणा म्हणे, परका माणूस पाठीवर घेऊन फिराचं?
घरचा म्हणे, माह्यापेक्षा बराच दिसते.
मी त्याले टिकली लावली अन् नेला.

अंधारात निघाचं, टोपलं घेऊन.
मोहा रातभर टपकते, पिवळा पिवळा,
सडा पडल्यासारखा.
आठ दिवस काही नाही झालं.
नवव्या दिवशी, कुसरामाची रेवता.
बांधला होता तिनं.
मिशीवर पदर येऊ नये म्हणून
गाठ नीट मारली होती, मीच मारली होती.
साहेबाले कोणी सांगतलं नाही
का मोहा उभ्यानं वेचता येत नाही.
माणूस झुकलं
का मुखवटा आभाळाकडं पायते.
अन् झुकलेलं माणूस वाघाले
माणूस वाटतच नाही.

टोपलं अर्धं भरलं होतं.
ते तिच्या पोरानं घरी आणलं,
वाळवलं, इकलं.
काय करन?

हे प्रांजूले सांगतलं नाही.
तिले सांगतलं, मोहा बरा झाला यंदा.
कॅमेरा लावला गावात, वाघ दिसला का भोंगा वाजते,
पोचीरामची म्हैस दिसली तरी वाजते.
हे सांगतलं. ते हासाचं होतं.

आज पुन्हा तिचा फोन. घाईत होती,
पायडलचा आवाज येत होता, वाऱ्याचा,
दूर कुठं त्या पाखराची शिटी,
लय गोड, खोटं कायले बोलू.
म्हटलं, डबा बांधला?
बांधला.
म्हटलं, सायकलवर झुकून नको बसू माय,
ताठ बस.
काहून?

कुकर कोणाचा तरी वाजला.
घरचा कूस बदलून झोपला.
म्हटलं, अवं पाठ दुखते मंग.